'अनामिक' माइल्स टेलर: होमलँड सिक्युरिटीतून सीएनएनच्या खुर्चीत

माइल्स टेलर हे नाव आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसेल, पण तो ज्या खात्यात होता त्याच्याशी मराठी घरांचा संबंध चांगलाच आहे, विशेषतः कुणाचा मुलगा-मुलगी अमेरिकेत असेल तर. एच-वन-बी, ओपीटीचं कार्ड, ग्रीन कार्डची न संपणारी रांग हे सगळं यूएससीआयएस बघतं आणि ते यूएससीआयएस होमलँड सिक्युरिटी खात्याखाली येतं. विमानतळावर प्रश्न विचारणारा सीबीपीवाला त्याच खात्याचा, बॅग उघडायला लावणारा टीएसएवाला पण त्याच खात्याचा. ९/११ नंतर २२ वेगवेगळ्या संस्था एकत्र करून २००२च्या कायद्यानं हे खातं उभं केलं, मार्च २००३पासून ते चालू झालं, आणि आज त्यात २ लाखांच्या वर माणसं काम करतात. तटरक्षक दल त्यात, सिक्रेट सर्व्हिस त्यात, वादळ-पुरात मदत देणारी फेमा त्यात, आणि कागद नसलेल्यांना पकडून परत पाठवणारी आयसीई पण त्यातच. म्हणजे आपल्याकडच्या गृहखात्यात पासपोर्ट, विमानतळ, आपत्ती निवारण आणि कोस्ट गार्ड सगळं एकदम कोंबलं तर जे होईल तसं काहीतरी.

एवढ्या पसाऱ्याच्या मंत्र्याच्या दाराशी जो माणूस बसतो, कुठली फाइल आत जाणार, कोण भेटणार, मंत्री बाहेर जाऊन काय बोलणार हे बघतो, तो चीफ ऑफ स्टाफ. टेलर तिशीच्या सुरुवातीलाच त्या जागेवर पोचला होता. आणि पुढे तोच सीएनएनवर पगारी तज्ज्ञ म्हणून बसला. आता खात्यातून निघून टीव्हीवर जाणं यात नवीन काहीच नाही, ढिगानं लोक गेलेत, त्यांच्याकडे पण येतोच. पण टेलरचं प्रकरण अभ्यासायला चांगलं आहे कारण टीव्हीवर जाऊन बसलेला माजी अधिकारी नेमकं काय विकतो, आणि काय विकायचं टाळतो, हे त्यात एकदम स्वच्छ दिसतं.

मुलगा इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट नावाच्या छोट्या गावचा. इंडियाना युनिव्हर्सिटी, मग मार्शल स्कॉलरशिपवर ऑक्सफर्ड. हुशार, पक्का रिपब्लिकन, राष्ट्रीय सुरक्षा हाच विषय. वॉशिंग्टनमध्ये प्रतिनिधीगृहाच्या होमलँड सिक्युरिटी कमिटीत स्टाफवर काम केलं, आणि २०१७च्या सुरुवातीला जॉन केली मंत्री असताना खात्यात सल्लागार म्हणून आला. केली थोड्याच महिन्यांत व्हाइट हाउसमध्ये गेले, डिसेंबर २०१७मध्ये कर्स्टन नील्सन मंत्री झाल्या, आणि टेलर त्यांच्या आतल्या गोटातला माणूस झाला, आधी डेप्युटी चीफ ऑफ स्टाफ आणि २०१९च्या फेब्रुवारीत चीफ ऑफ स्टाफ.

आता ५ सप्टेंबर २०१८. न्यूयॉर्क टाइम्सच्या संपादकीय पानासमोर एक निनावी लेख आला. लेखक म्हणून फक्त एवढंच लिहिलं होतं की ट्रम्प सरकारातला एक वरिष्ठ अधिकारी. लेखाचा सूर असा, की राष्ट्राध्यक्षांना नीतीचं काही सोयरसुतक नाही, ते लहरी आहेत, पण काळजी करू नका, आत आम्ही काही शहाणी माणसं आहोत आणि त्यांचे वाईट हट्ट आम्ही आतून रोखून धरतोय. पंचविसाव्या घटनादुरुस्तीनं त्यांना पदावरून काढायची कुजबुज मंत्रिमंडळात झाली होती हे पण त्यात होतं. झालं, हलकल्लोळ. ट्रम्पनी ट्विटरवर एका शब्दात विचारलं, देशद्रोह? आणि वर टाइम्सनं त्या माणसाला सरकारच्या ताब्यात द्यावं अशी मागणी. सिनेटर रँड पॉल म्हणाले सगळ्यांची लाय डिटेक्टर टेस्ट घ्या. मग सुरू झाली नकारांची रांग, उपराष्ट्राध्यक्ष माइक पेन्स मी नाही, परराष्ट्रमंत्री पॉम्पेओ मी नाही, संरक्षणमंत्री मॅटिस मी नाही, हाउसिंग सोसायटीच्या नोटीस बोर्डावर कुणीतरी चेअरमनविरुद्ध निनावी पत्र चिकटवावं आणि कमिटीतल्या प्रत्येकानं जिन्यात भेटून शपथा घ्याव्यात तसं सगळं चाललं होतं.

लोकांचा समज असा झाला की हा कुणीतरी मोठा मासा, मंत्री किंवा निदान मंत्र्याच्या बरोबरीचा. तो टेलर होता, तेव्हा जेमतेम तिशी ओलांडलेला, मंत्र्याचा सल्लागार-डेप्युटी या पातळीवरचा. त्याला 'वरिष्ठ अधिकारी' म्हणायचं का यावर नंतर टाइम्सला बरेच बोल ऐकावे लागले. मला त्या वादात फार दम वाटत नाही. वॉशिंग्टनमध्ये अशी पदं कागदावर लहान दिसतात आणि खोलीत खूप काही ऐकतात-बघतात. त्याच्या नावानं लेख छापला असता तर अर्ध्या दिवसात विसरला गेला असता आणि तो घरी बसला असता, एवढं मात्र खरं. नाव झाकलं म्हणून तर लेख मोठा झाला. म्हणजे त्याचं म्हणणं असं की नाव नसलं की लोक माणसाबद्दल न बोलता मुद्द्याबद्दल बोलतात, आणि प्रत्यक्षात झालं बरोबर उलटं, अख्खा देश दोन वर्षं हा माणूस कोण याच्यावरच बोलत बसला.

पण माझा खरा मुद्दा लेखात काय होतं हा नाहीये, काय नव्हतं हा आहे. कारण लेख येण्याच्या जेमतेम तीन महिने आधी याच खात्यात काय चाललं होतं ते आठवा.

एप्रिल २०१८मध्ये ॲटर्नी जनरल (म्हणजे तिथले कायदामंत्रीच) जेफ सेशन्स यांनी 'झीरो टॉलरन्स' जाहीर केलं. मेक्सिकोच्या सीमेवरून बेकायदा आत येणाऱ्या प्रत्येक प्रौढ माणसावर फौजदारी खटला. ऐकायला साधं वाटतं, पण खटला भरला की आईबाप तुरुंगात, आणि मूल तुरुंगात ठेवता येत नाही, म्हणून मूल काढून घेऊन आरोग्य खात्याच्या ताब्यात. म्हणजे 'मुलं तोडा' असा आदेश कागदावर कुठेच लिहायची गरज नाही, सगळ्यांवर खटले भरायचे एवढं ठरवलं की ताटातूट आपोआप होते. मे महिन्यात नील्सनबाईंनी कुटुंबांना पण खटल्यासाठी पाठवायच्या निर्णयावर सही केली. ५ मे ते ९ जून एवढ्या काळातच २ हजार ३०० च्या वर मुलं आईबापांपासून वेगळी झाली, आणि ट्रम्पच्या त्या पहिल्या कारकिर्दीतला सगळा हिशेब काढला तर आकडा ५ हजारांच्या पुढे जातो. कुणाचं मूल कुठल्या शेल्टरमध्ये आहे हे दोन खात्यांच्या कॉम्प्युटरना एकमेकांशी जुळवता येत नव्हतं, सिस्टीमच नव्हती तशी.

१७ जूनला नील्सनबाईंनी ट्विट केलं की सीमेवर कुटुंबं तोडायचं आमचं धोरण नाही, विषय संपला. दुसऱ्याच दिवशी प्रोपब्लिका या शोधपत्रकारिता करणाऱ्या संस्थेनं सीमेवरच्या एका केंद्रातलं चोरून केलेलं रेकॉर्डिंग बाहेर काढलं. त्यात लहान मुलं हुंदके देत 'मामी' (स्पॅनिशमध्ये आई), 'पापा' अशा हाका मारताहेत आणि एक अधिकारी स्पॅनिशमध्ये म्हणतोय, वा, इथे तर ऑर्केस्ट्राच आहे, फक्त वाजवून घेणारा पाहिजे. त्याच रेकॉर्डिंगमध्ये एल साल्वादोरची सहा वर्षांची एक मुलगी मावशीला फोन लावून द्या म्हणून विनवतेय आणि मावशीचा नंबर तिला तोंडपाठ आहे, आकडा न् आकडा, तो ती म्हणून दाखवते. त्या दिवशी नील्सनबाई व्हाइट हाउसच्या पत्रकार कक्षात उभ्या होत्या आणि एका पत्रकारानं तिथेच फोनवर ते रेकॉर्डिंग लावलं. २० जूनला ट्रम्पनी स्वतःच आदेश काढून हे थांबवलं, २६ जूनला सॅन डिएगोचे न्यायाधीश डाना सब्रॉ यांनी सरकारला मुलं परत जोडून द्यायला सांगितलं, पाच वर्षांखालच्यांना १४ दिवसांत आणि बाकीच्यांना ३० दिवसांत.

आता टाइम्सचा तो निनावी लेख परत काढून वाचा. त्यात ट्रम्पचा उतावळेपणा आहे, पुतिनबद्दलचं प्रेम आहे, सिनेटर मॅकेनचं कौतुक आहे, आणि करकपात, नियम कमी करणं, लष्कर मजबूत करणं या सरकारच्या चांगल्या गोष्टी म्हणून पण आहेत. आणि मुलांची ताटातूट? नाहीच. एक ओळ नाही. ज्या खात्यात तो बसला होता, ज्या मंत्र्यांच्या दाराशी बसला होता, त्यांच्याच हातून तीन महिन्यांपूर्वी झालेली गोष्ट आतल्या विवेकी माणसाच्या लेखात शोधून सापडत नाही. तो विषय काढला असता तर खातं कुठलं हे कळलं असतं असं कुणी म्हणेल, बरं, मान्य. पण मग अशी कबुली अर्धी राहते. बॉसचं वाईट सांगितलं, आपल्या टेबलावरचं वगळलं.

त्याचा स्वतःचा हात त्यात किती होता? तो म्हणतो की निर्णय घेणाऱ्यांत मी नव्हतो, माझं काम दहशतवाद, गुप्तवार्ता वगैरे. निर्णय त्यानं घेतला असं कुणी सिद्ध केलेलं नाही, हे आधी सांगायला पाहिजे. पण २०१९मध्ये नोकरी सोडून तो गूगलमध्ये गेला, सरकारी धोरणं आणि सुरक्षा बघायला, तेव्हा तिथले कर्मचारी भडकले, ट्रम्पच्या होमलँडमधला माणूस आपल्यात कशाला. कंपनीच्या वरिष्ठांनी त्यांना समजावलं की ताटातुटीशी याचा संबंध नव्हता. मग बझफीड या बातम्यांच्या वेबसाइटनं सरकारी ईमेल छापले आणि त्यात दिसलं की ते प्रकरण तापलं होतं तेव्हा मंत्र्यांनी माध्यमांसमोर काय बोलायचं, कसं मांडायचं या तयारीत हा होता. म्हणजे धोरणाचा शिल्पकार नव्हे, पण धोरणाला शब्द पुरवणाऱ्यांतला. आणि गंमत म्हणजे पुढे टीव्हीवर जाऊन त्यानं जे केलं ते हेच काम, शब्द पुरवण्याचं, फक्त बाजू बदलून.

मधलं पटकन सांगतो. ७ एप्रिल २०१९ला नील्सनबाईंनी राजीनामा दिला, त्याच वर्षी टेलर पण बाहेर. नोव्हेंबर २०१९मध्ये लेखक म्हणून फक्त 'अनामिक' असं लिहून त्याचं पुस्तक आलं आणि धडाक्यात खपलं. न्याय म्हणून हे पण नोंदवतो की त्यानं पुस्तकाचा ॲडव्हान्स घेतला नाही आणि रॉयल्टीतला मोठा भाग संस्थांना द्यायचं जाहीर केलं, तेव्हा पैशासाठी केलं हा आरोप तितकासा टिकत नाही.

मग १७ ऑगस्ट २०२०, डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनाचा पहिला दिवस, त्याच दिवशी टेलर स्वतःच्या चेहऱ्यानं आणि नावानं जाहिरातीत. ट्रम्पविरोधी रिपब्लिकन लोकांच्या गटाची जाहिरात, त्यात त्यानं बायडनना पाठिंबा दिला. सांगितलं की कॅलिफोर्नियातल्या वणव्यांनंतर तिथल्या लोकांना मदत देऊ नका असं ट्रम्प म्हणाले होते, का तर ते राज्य आपल्याला मत देत नाही. दोन दिवसांनी टीव्हीवर सांगितलं की पोर्तो रिको देऊन ग्रीनलँड घेता येईल का असं ट्रम्पनी विचारलं होतं. ट्रम्प म्हणाले, मी ओळखतच नाही या माणसाला, नाव पण ऐकलं नाही. मग दोघांचा ओव्हल ऑफिसमधला फोटो फिरला. गूगलमधून त्यानं रजा घेतली होती, आणि थोड्याच दिवसांत सीएनएननं त्याला पगारी काँट्रिब्युटर म्हणून घेतलं.

हे पगारी प्रकरण काय असतं ते सांगायला पाहिजे कारण बऱ्याच लोकांना वाटतं की टीव्हीवर दिसणारा प्रत्येक पाहुणा सारखाच. तसं नसतं. नुसता पाहुणा एकदा येतो, बोलतो, जातो, त्याला साधारणपणे पैसे मिळत नाहीत. काँट्रिब्युटरशी चॅनेलचा करार असतो, ठरावीक रक्कम मिळते, तो दुसऱ्या प्रतिस्पर्धी चॅनेलवर जात नाही, आणि घटना घडली की त्याला फोन येतो. म्हणजे तो चॅनेलचाच माणूस झाला. तिथल्या पत्रकाराला खोटं बोलल्याबद्दल घरी पाठवतील, तर काँट्रिब्युटरला कुठला नियम लागतो? हा प्रश्न टेलरमुळे एकदम समोर आला.

कारण ऑगस्टमध्येच सीएनएनचा अँकर अँडरसन कूपरनं त्याला ऑन एअर सरळ विचारलं होतं, तो अनामिक तूच का? आणि टेलरचं उत्तर, मी मास्क दोनच गोष्टींसाठी घालतो अँडरसन, हॅलोविन आणि महामारी, तेव्हा, नाही. इतकं घासून-पुसून तयार केलेलं वाक्य की ऐकतानाच वाटावं हा प्रश्नाची वाट बघत बसला होता. मग २८ ऑक्टोबर २०२०, मतदानाला सहा दिवस उरले असताना त्यानं जाहीर केलं, हो, मीच तो. व्हाइट हाउसच्या प्रवक्त्या केली मॅकेनॅनी यांनी लगेच हलक्या दर्जाचा नाराज माजी कर्मचारी म्हणून निकाल लावला.

त्या रात्री तो क्रिस क्युओमोच्या कार्यक्रमात सीएनएनवरच बसला, आणि क्युओमोनं तोंडावर विचारलं की तू आमच्याशी खोटं बोललास, मग आता आम्ही तुला पगारावर का ठेवायचं? टेलर म्हणाला की मुद्दा माझ्यापेक्षा मोठा होता, योग्य वेळ येईपर्यंत नाकारणं भाग होतं, आणि अँडरसनला मी एक बिअर आणि एक माफी देणं लागतो. सीएनएननं सांगितलं, राहील तो. विषय मिटला. (आणि हा खडा सवाल करणाऱ्या क्युओमोलाच सीएनएननं डिसेंबर २०२१मध्ये काढलं, गव्हर्नर असलेल्या भावाला आरोपांतून वाचवायला पडद्यामागून मदत करत होता म्हणून. आपलं ठेवायचं झाकून म्हणतात ते हेच.)

सीएनएनचा हा निर्णय मला चुकीचा वाटतो, आणि तो कठोरपणापोटी नाही म्हणत. टाइम्सला नाव झाकायची विनंती केली, टाइम्सला नाव माहीत होतं, त्यांनी ती जबाबदारी घेतली, तो व्यवहार दोघांमधला आणि स्वच्छ. पण कॅमेऱ्यासमोर प्रेक्षकांना 'नाही' सांगायचं आणि मग त्याच चॅनेलचा करार घेऊन त्याच प्रेक्षकांना आतलं खरं सांगायला बसायचं, हे कसं जमतं? त्याला 'यावर मी बोलणार नाही' म्हणता आलं असतं. हां, तसं म्हटलं असतं तर सगळ्यांना कळलंच असतं, पण मग कळू द्यायचं, नाहीतर त्या खुर्चीत जायचं नाही. दोन्ही हातात लाडू पाहिजे होते त्याला.

आणि या लपाछपीची किंमत कुणी भरली? व्हिक्टोरिया कोट्स. या बाई मूळच्या कलेच्या इतिहासातल्या पीएचडी, पुढे परराष्ट्र धोरणात आल्या आणि ट्रम्पच्या डेप्युटी नॅशनल सिक्युरिटी ॲडव्हायझर झाल्या. २०२०च्या सुरुवातीला कुजबुज पसरली की अनामिक म्हणजे याच. अनामिकच्या पुस्तकाच्या एजंट लोकांनी जाहीर सांगितलं की या नाहीत, कोण ऐकतो. फेब्रुवारी २०२०मध्ये त्यांची बदली ऊर्जा खात्यात. सरकारनं बदलीचं कारण वेगळं सांगितलं असेल, पण संशयाचा शिक्का त्यांच्या कपाळावर आठ महिने राहिला, आणि खरा माणूस गूगलमध्ये बसून हे सगळं बातम्यांत वाचत होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर 'चोर' विवेकाच्या गोष्टी करणारा. क्युओमोच्या कार्यक्रमापेक्षा या बाईंचं नाव घेऊन कुणी त्याला तासभर बसवायला पाहिजे होतं.

पण टीव्हीचा स्वभावच तो. क्युओमोच्या मुलाखतीची बातमी झाली ती 'तू आमच्याशी खोटं बोललास' याची. ताटातुटीबद्दल टेलरला कुणी विचारलंच नाही असं नाही, विचारलं, त्यानं पण ते भयंकर होतं असं म्हटलं. पण तिथे गाडी पुढे जाते, कारण चॅनेलला तो हवा असतो ते ट्रम्प आत काय बोलले हे सांगायला. माजी अधिकाऱ्याचं भांडवल एकच, 'मी त्या खोलीत होतो'. आता जो खोलीत होता त्याला लगेच दुसरा प्रश्न यायला पाहिजे, मग तू त्या खोलीत काय केलंस? पण तो प्रश्न फार ताणला तर तज्ज्ञाचा आरोपी होतो, आणि आरोपीला दर आठवड्याला बोलावता येत नाही. त्यामुळे तो प्रश्न एकदा, तोंडी लावण्यापुरता.

हे फक्त टेलरचं नाही. मायकेल चर्टॉफ घ्या, २००५ ते २००९ याच खात्याचे मंत्री. २५ डिसेंबर २००९ला डेट्रॉइटला जाणाऱ्या विमानात एका माणसानं अंतर्वस्त्रात लपवलेला बॉम्ब उडवायचा प्रयत्न केला, फसला. लगेच चर्टॉफ टीव्ही-पेपरांत, विमानतळांवर पूर्ण शरीर बघणारे स्कॅनर बसवा म्हणून. त्यांच्या सल्लागार कंपनीचा एक ग्राहक होता रॅपिस्कॅन, स्कॅनर बनवणारी कंपनी. पडद्यावर त्यांच्या नावाखाली लिहिलेलं असायचं माजी मंत्री. टीएसएनं ती रॅपिस्कॅनची मशीनं २०१३मध्ये काढून टाकली, कारण प्रवाशांचं उघडं चित्र झाकणारं सॉफ्टवेअर कंपनीला वेळेत करून देता आलं नाही.

किंवा जॉन ब्रेनन. मे २०१२मध्ये ते ओबामांचे दहशतवादविरोधी आणि होमलँड सिक्युरिटी सल्लागार होते. येमेनमधल्या अल कायदाचा एक कट उधळल्याची बातमी फुटली, तर ब्रेनननी टीव्हीवर तज्ज्ञ म्हणून बसणाऱ्या जुन्या अधिकाऱ्यांना कॉन्फरन्स कॉलवर घेतलं आणि सांगितलं की धोका कधी नव्हताच, आपलं आतून नियंत्रण होतं. आतून नियंत्रण म्हणजे आपला माणूस आत होता हे कळायला काय लागतं, त्या रात्री दहशतवादविरोधी कामातले माजी अधिकारी रिचर्ड क्लार्क एबीसीवर ते बोलले आणि गुप्त कारवाईचं गुपित देशाला कळलं. म्हणजे हे माजी लोक स्वतंत्र मत मांडतात असं आपण समजतो, आणि कधीकधी दुपारी खात्यातूनच त्यांना पाजलेलं असतं. ब्रेनन पुढे सीआयएचे प्रमुख झाले आणि २०१८मध्ये स्वतःच एनबीसीवर तज्ज्ञ. वर्तुळ पूर्ण.

आपल्या चॅनेलवर संध्याकाळी सात वाजता निवृत्त ब्रिगेडियर आणि निवृत्त पोलीस अधिकारी ओरडत असतात तेव्हा त्यांना कोण पैसे देतं, कुठल्या कंपनीचे ते सल्लागार आहेत, हे आपण तरी कुठे विचारतो.

टेलरकडे परत येऊ, कारण २०२५ला गोष्टीनं वेगळंच वळण घेतलं. २०२३मध्ये त्यानं दुसरं पुस्तक लिहिलं, या वेळी नावानं, ट्रम्प परत आले तर काय होईल ते सांगणारं. ट्रम्प परत आले. ९ एप्रिल २०२५ला ओव्हल ऑफिसमध्ये कॅमेऱ्यांसमोर त्यांनी दोन माणसांविरुद्ध आदेशांवर सह्या केल्या. एक टेलर, दुसरे क्रिस क्रेब्ज, ते पण होमलँड सिक्युरिटीचेच, सायबर सुरक्षा बघणाऱ्या सिसा संस्थेचे प्रमुख होते, २०२०ची निवडणूक सुरक्षित झाली म्हणाले म्हणून १७ नोव्हेंबर २०२०ला ट्विटवरून काढलेले. टेलरबद्दल ट्रम्प म्हणाले तो देशद्रोहाचा दोषी आहे असं मला वाटतं. सिक्युरिटी क्लिअरन्स, म्हणजे गुप्त माहिती बघायची परवानगी, काढून घ्या, त्याच्याशी संबंधित संस्थांमधल्या लोकांचा पण, आणि त्यानं सरकारी नोकरीत असताना काय केलं याची चौकशी करा. चौकशी कुणी करायची? होमलँड सिक्युरिटीच्या मंत्र्यांनी.

इथे माझं टेलरबद्दलचं मत थोडं हलतं. २०१८ला तो म्हणत होता की नाव दिलं तर सूड घेतील, तेव्हा ते नाटकी वाटायचं. सात वर्षांनी एका माणसाचं नाव घेऊन, कुठलाही गुन्हा सिद्ध न करता, राष्ट्राध्यक्षांच्या सहीचा कागद निघतो म्हटल्यावर ती भीती खोटी नव्हती हे मानावं लागतं. धमक्या त्याला २०२०पासूनच येत होत्या, नोकरी-घर सगळं विस्कटलं असं त्यानं स्वतः सांगितलंय. म्हणजे नाव झाकलं ते समजू शकतो. कूपरला 'नाही' म्हटलं ते नाही पटत. आणि जून २०१८बद्दल लेखात गप्प बसला ते अजिबात नाही. या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, पण त्याचे चाहते तिन्ही माफ करतात आणि ट्रम्पवाले तिन्हींना देशद्रोह म्हणतात.

आणि आता सरकारी आदेशामुळे झालंय काय, की 'तू खात्यात असताना काय केलंस' हा प्रश्न शेवटी विचारला गेलाय, पण चुकीच्या माणसानं, चुकीच्या कारणासाठी. त्या चौकशीत सहा वर्षांच्या मुलीच्या मावशीचा फोन नंबर येणार नाहीये. ती चौकशी राष्ट्राध्यक्षांविरुद्ध बोलल्याची आहे.

याच खात्यातला टॉम होमन बघा. २०१७पासून आयसीईचा काळजीवाहू प्रमुख, झीरो टॉलरन्सची कागदावर शिफारस करणाऱ्यांपैकी एक. जून २०१८ला निवृत्त, लगेच फॉक्स न्यूजवर काँट्रिब्युटर, तिथे वर्षानुवर्षं तेच धोरण बरोबर कसं होतं ते सांगितलं. एकदाही मास्क लावला नाही, काही लपवलं नाही, बिअर-माफी काही नाही. नोव्हेंबर २०२४ला ट्रम्पनी त्याला 'बॉर्डर झार', म्हणजे सीमेचा कारभार बघणारा मुख्य माणूस, म्हणून जाहीर केलं आणि तो टीव्हीच्या खुर्चीतून थेट सरकारात परत गेला. आता तो परत चॅनेलवर दिसतो, फक्त पाहुणा म्हणून, विनापगार.